दाराशी उभी

डोळस माणसाने आंधळ्या माणसाला जग सांगावे, या एका बीजावर उभ्या राहिलेल्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पाडता येतात. पहिल्या प्रकारात सांगणारा भर घालतो. खिडकीजवळच्या खाटेवरचा रोगी शेजारच्या आंधळ्या रोग्याला रोज बाहेरची बाग, तळे, तळ्यावरची बदके वर्णन करून सांगतो आणि तो मेल्यावर कळते की खिडकीबाहेर नुसती भिंत होती. ही कथा कीर्तनात ऐकू येते तशी इस्पितळाच्या व्हरांड्यातही ऐकू येते आणि ऐकणारे डोळे पुसून घरी जातात. दुसऱ्या प्रकारात सांगणारा काही काढून घेतो. आंधळ्या सासूला दोन भाकऱ्या वाढल्याचे सांगून एकच वाढणारी सून, भावाचा हात धरून त्याला बांध खोट्या जागी दाखवणारा भाऊ, अशी पात्रे येथे असतात. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती ही की खरे काय ते निदान सांगणाऱ्याला तरी ठाऊक आहे.

तिसरा प्रकार विरळा. त्यात सांगणारा भर घालत नाही आणि चोरीही करत नाही. त्याला जे दिसते तेच तो प्रामाणिकपणे सांगतो, आणि जे दिसते ते तेथे नसते. याची रूपे थोडी मिळतात, बहुधा बायकांकडून मिळतात, आणि परमुलखात जन्म काढलेल्या बायकांकडून अधिक. एका रूपात नवरा नावाडी आहे आणि नदीचा पैलतीर सांगतो; दुसऱ्यात बायको आंधळी नाहीच, तिला फक्त कधी उंबऱ्याबाहेर पडू दिलेले नाही. येथे दिलेले रूप शिकागोजवळच्या शॉमबर्ग या उपनगरातले आहे. त्यात नदी नाही. सांगितले जाते ते महायुद्धानंतरच्या वर्षांत इंग्लंडात निघालेल्या स्वस्त गुन्हेपटांमधले जग, आणि अशा कथेला याहून योग्य मुलूख सापडणे कठीण, कारण त्या जगात मुळातच फारसे काही खरे नव्हते.

मुख्य चित्रपटाच्या आधी लावायचे हे तासाभराचे जोडचित्रपट असत. दोन आठवड्यांत चित्रण आटपायचे, एकाच दिवाणखान्याचे पडदे बदलून तो आज वकिलाचा आणि उद्या डॉक्टरचा करायचा, माल अटलांटिकपलीकडे खपावा म्हणून उतरणीला लागलेला एखादा अमेरिकन नट नायक म्हणून आणायचा, आणि जेथे रस्ता बांधायला पैसे पुरणार नाहीत तेथे धुके सोडायचे, ही त्यांची रीत होती. मागे उभी राहणारी माणसे दिवसाच्या बोलीवर आणलेली असत आणि तीच ती माणसे या चित्रपटात पाहुणे, त्या चित्रपटात ज्युरी आणि तिसऱ्यात रस्त्यावरची गर्दी होत. हे सगळे त्र्यंबकराव देवस्थळी यांना तोंडपाठ होते.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते इंजिनिअर म्हणून येथे आले, तेव्हा शिकागोचे एक स्थानिक चॅनेल रविवारी दुपारी हे चित्रपट दाखवीत असे. आता निवृत्तीनंतर टीव्हीवर एक फुकट चॅनेल सापडले होते, ज्यावर तेच सगळे चित्रपट जणू कोणी माळ्यावरून काढून झटकून परत मांडावेत तसे रोज लागत. त्यांच्या पत्नी मालिनीबाई यांच्या दृष्टीचा मधला भाग त्यापूर्वीच गेला होता. कडांनी उजेड दिसे, दाराच्या चौकटी दिसत, चहा करता येई. परंतु ज्याच्याकडे थेट पाहावे तेथे धुराचा एक डाग उभा राही, आणि माणसांचे चेहरे व टीव्हीचा पडदा या दोन गोष्टी त्यांच्यापुरत्या जगातून नाहीशा झाल्या होत्या. म्हणून चारचा चहा झाला की दोघे शेजारी शेजारी बसत आणि त्र्यंबकराव त्यांना चित्रपट सांगत.

ते फार चांगले सांगत. ज्या माणसाने सगळा संसार 'जेवण', 'किल्ली', 'निघायचं' अशा एकेका शब्दावर निभावला, तो माणूस आता पूर्ण वाक्ये बोले, वाक्यांना विशेषणे लावी, एखाद्या टेबलावरचा ॲशट्रे कसा सरकला आहे हेसुद्धा सांगे. डोळे गेले आणि नवऱ्याचा आवाज मिळाला, हा व्यवहार मालिनीबाईंना मनातल्या मनात फारसा तोट्याचा वाटत नसे, आणि असे वाटते याचा त्यांना थोडा रागही येई.

त्या बाईचा उल्लेख पहिल्यांदा आला तो पाने गळत होती त्या दिवसांत. एका सॉलिसिटरचा अभ्यासिकेत खून झाला होता, इन्स्पेक्टर सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून प्रश्न विचारीत होता.

"मागे दाराशी एक बाई उभी आहे," त्र्यंबकराव म्हणाले.

"कोण आहे?"

"असेल कोणी. मोलकरीण नाही वाटत. करडा कोट घातलाय. घरात कोट घालून कशाला उभं राहायचं म्हणतो मी."

"थंडी असेल."

"असेल," ते म्हणाले आणि इन्स्पेक्टरकडे वळले.

दोनतीन दिवसांनी ती पुन्हा दिसली. या वेळी घर एका डॉक्टरचे होते.

"तीच बाई परत. दिवाणखानाही तोच आहे, फक्त पडदे फुलाफुलांचे केलेत. हिला बरं काम मिळतंय."

"पण अजून दाराशीच?"

"दाराशीच. प्रमोशन नाही."

"तुमच्या कंपनीसारखं," मालिनीबाई म्हणाल्या आणि त्र्यंबकराव चक्क हसले.

पुढच्या काही आठवड्यांत ती येत राहिली. लंडनच्या गोदीवरच्या खानावळीत, रंगभूमीच्या विंगेत, मालकिणीचा गळा दाबला गेलेल्या एका बोर्डिंग हाउसच्या जिन्यापाशी. तिला संवाद नव्हते. कॅमेरा तिच्याकडे जात नसे, आणि तरीही त्र्यंबकरावांचे लक्ष आता खुन्यावरून उडून तिच्याकडे जाऊ लागले होते. उजवे कोपर डाव्या तळव्यात धरून ती कशी उभी राहते, वजन एकदा या पायावर आणि एकदा त्या पायावर कसे टाकते, हे ते बारकाईने सांगत. एका दुपारी त्यांनी सांगितले की तिच्या कोटाला सगळी बटणे काळी आहेत, फक्त वरून दुसरे तेवढे तपकिरी आहे.

मालिनीबाईंचा कप बशीवर टेकता टेकता थांबला.

तो कोट त्यांचा होता. येथल्या पहिल्या हिवाळ्यात चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीतून आणलेला, एक बटण नसलेला, आणि ते बटण त्यांनी सांगलीहून आणलेल्या शिवणाच्या डब्यातून घेऊन लावले होते. त्या अपार्टमेंटचा हीटर धड चालत नसे. रविवारी दुपारी कंपनीतले दोघेतिघे बिऱ्हाडी येत, सोफ्यावर बसून हेच चित्रपट पाहत, आणि मालिनीबाई स्वयंपाकघराच्या दाराशी कोट घालून उभ्या राहत. पाने कधी घ्यायची ते कोणी सांगेल म्हणून उभ्या राहत. ये, बस, असे कोणी म्हणत नसे. जा असेही कोणी म्हणत नसे. असे किती रविवार गेले असतील याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नव्हता, कारण त्या उभे राहण्याला काही नाव आहे असे त्यांना तोवर वाटलेच नव्हते.

म्हणजे यांनी पाहिले होते. आपल्याकडे पाठ करून बसलेल्या या माणसाने बटणाचा रंगसुद्धा पाहिला होता, आणि आता इतक्या वर्षांनी, सरळ बोलायची सवय नसल्यामुळे, परक्या बाईच्या आडून तो ते सांगत होता. मालिनीबाईंना त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती का लागत नाही याचे त्यांना नवल वाटले, कारण आनंदाने झोप उडते हे त्या विसरून गेल्या होत्या. आता त्यांना एवढेच हवे होते की त्र्यंबकरावांनी कोटाच्या, बटणाच्या पलीकडे जाऊन एकदा म्हणावे, ती तू होतीस. याहून जास्त काही नको होते. मात्र हे त्यांनी आपणहून म्हणायला हवे होते.

कथाप्रकारांच्या भाषेत सांगायचे तर मालिनीबाई आपली कथा पहिल्या प्रकारची आहे असे धरून चालल्या होत्या. माणसे बहुतेक तसेच धरून चालतात.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत त्यांची मुलगी दीपा पश्चिम किनाऱ्यावरच्या बॉथेलहून आली. ती तिकडे एका औषध कंपनीत संशोधन करी. येथेच जन्मलेली, मराठी समजणारी आणि घाईत असली की अर्धी इंग्रजी बोलणारी. शुक्रवारी त्र्यंबकराव भाजी आणायला गेले तेव्हा मालिनीबाईंनी तिला आदल्या दिवशीचा चित्रपट परत लावायला सांगितले. त्यांना फक्त खात्री करून घ्यायची होती. पडद्यावर अशी बाई नसणार, ती यांनी आपल्यासाठी रचलेली असणार, आणि ते एकदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की मग डिसेंबरभर त्यांच्या बोलण्याची वाट पाहायला हरकत नव्हती.

"आई, किती स्लो आहे हे," दीपा म्हणाली. "एव्हरीबडी इज जस्ट ड्रिंकिंग टी."

"थांब. आता इन्स्पेक्टर सगळ्यांना बोलावेल. मागच्या दाराशी कोण आहे सांग."

"दाराशी? कोणी नाही. दार बंद आहे."

"नीट बघ. करड्या कोटातली बाई."

"आई, ब्लॅक अँड व्हाइट आहे, सगळेच करडे आहेत. पण बाई नाही. मी पॉज केलंय. टू मेन, एक म्हातारी आणि फर्न."

मालिनीबाई हसल्या. त्यांना वाटले तसेच होते. परंतु ते हसू पाहून दीपाने रिमोट खाली ठेवला, आणि ती बोलली तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. रोग्यांशी बोलताना चांगली माणसे जो आवाज काढतात तो.

"आई, तुला ती दिसते का? मला सांग, मी रागावणार नाही. तुझ्या आय कंडिशनमध्ये असं होतं कधी कधी. ब्रेन स्वतः पिक्चर्स बनवतो."

"मला कुठे काय दिसतंय," मालिनीबाई म्हणाल्या.

"मग बाई कुठून आली?"

बाबा सांगतात, असे म्हणणे सोपे होते. परंतु म्हटले असते तर दीपाने बाबांना विचारले असते, आणि ते नाजूक, आडून चाललेले बोलणे तिच्या उजेडात एका क्षणात विझले असते. "वाटलं असेल मला," मालिनीबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या पिक्चरमधली असेल."

दीपाने तेवढ्यावर विषय सोडला. म्हणजे निदान आईसमोर तरी सोडला.

दीपा परत गेली आणि बर्फ पडू लागले. मालिनीबाई वाट पाहत राहिल्या. रोज चारला चहा होई, तोच दिवाणखाना वेगळ्या पडद्यांनी उघडे, ती बाई दाराशी येऊन उभी राही, आणि त्र्यंबकरावांच्या आवाजात तिच्यासाठी एक कळवळा असे जो मालिनीबाईंनी त्यांच्या तोंडून कधी, कोणासाठी ऐकला नव्हता.

"सगळ्यांना विचारतोय हा. स्वयंपाकिणीला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं. हिला नाही. अरे, तिनं सगळं पाहिलंय, तिला विचारा ना."

"काय पाहिलं असेल तिनं?"

"कोण जाणे. पण किती वेळ उभी आहे ती. कोणीतरी तिला बस म्हणा."

"तुम्ही म्हणा."

"मी काय म्हणणार, पिक्चर आहे तो," त्र्यंबकराव म्हणाले.

मग एका दुपारी, चोरीच्या पाचूंवरचा कसलासा चित्रपट चालला असताना, त्यांनी पडद्याजवळ खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"आज जवळून दिसतेय. नाकाच्या डाव्या पाळीवर टोचल्याची खूण आहे. चमकी नाही, नुसतं भोक. इंग्लिश बायका त्या काळी नाक टोचत होत्या का गं?"

मालिनीबाईंनी चमकी काढली होती ती कंपनीच्या एका पिकनिकच्या आदल्या दिवशी. लोक विचारत बसतात, असे त्र्यंबकराव म्हणाले होते. याहून अधिक काही म्हणायची त्यांना गरज पडली नव्हती. आता याच्या पुढे कोणी काय आडून बोलणार? मालिनीबाईंनी इतके दिवस आवरून धरलेले स्वतःच बोलून टाकले.

"कळलंय मला. केव्हाच कळलंय. ती मी आहे."

"कोण?"

"ती. दाराशी उभी."

त्र्यंबकराव हसले. त्या हसण्यात लपवाछपवी नव्हती, थट्टा नव्हती. लहान मुलाने चंद्राला हात लावतो म्हटल्यावर मोठी माणसे हसतात तसे ते हसणे होते.

"तू कशी असशील? ती तरुण आहे."

"मीही होते."

"अगं, इंग्लंडातली बाई ती. आपण लग्न करायच्या आधीचा पिक्चर आहे. तुला दिसत नाही म्हणून असं वाटतं," ते मायेने म्हणाले, आणि मालिनीबाईंच्या हातावर थोपटून पुन्हा पडद्याकडे वळले. "बिचारी. कोणाची कोण असेल."

तेव्हा मालिनीबाईंना कळले की हा माणूस काही रचत नाही. त्याला ती खरोखर दिसत होती. समोरच्या पडद्यावर नसलेली बाई त्याला बटणासकट, नाकाच्या भोकासकट दिसत होती; जन्मभर शेजारी असलेली तेवढी दिसत नव्हती. ती सगळी दया, ते नेमके, हळुवार शब्द, रोज दुपारी कोणा परकीच्या नावाने खर्ची पडत होते आणि त्यातला एकही त्यांच्यापर्यंत पोचणार नव्हता. याहून ते काही सांगत नसते तर बरे होते. न दिसणे त्यांना सवयीचे होते.

त्यांना हे दीपाला सांगता आले असते. परंतु बाबांना नसलेली माणसे दिसतात असे कळल्यावर पहिल्यांदा गाडी गेली असती, मग घर, आणि मग दोघांची दोन ठिकाणी सोय झाली असती. म्हणून दीपाचा फोन आला तेव्हाही त्यांनी ते सांगितले नाही. फोन स्पीकरवर होता.

"आई, जानेवारीत माझ्याकडे ये. जस्ट टेस्ट्स. जवळच एक प्लेस आहे, मेमरीसाठी, व्हेरी नाइस पीपल. एक मराठी काकू पण आहेत तिथे. आवडलं तर थोडे दिवस राहा."

"आणि बाबा?"

"बाबा मॅनेज करतील. बाबा, कराल ना?"

"मला काय झालंय," त्र्यंबकराव म्हणाले. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारले, "दीपा म्हणते तुला काहीबाही दिसतं. खरं का?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी काय सांगणार? जाऊन ये. तज्ज्ञ लोक असतात ते."

चार वाजले होते. त्यांनी टीव्ही लावला.

जानेवारीचे तिकीट आले. मालिनीबाईंनी बॅग भरायला काढली आणि तरीही रोज चारला त्या आपल्या खुर्चीत येऊन बसत, कारण आशा नावाची गोष्ट अपमानानंतरही काही काळ आपोआप चालत राहते. अजून काही दुपारी हातात होत्या. एखादा हावभाव, एखादी लकब अशी निघेल की त्र्यंबकरावांना ओळखावेच लागेल, असे त्यांना वाटत राहिले. जाण्याच्या आधी, एकदाच. नंतर ती आठवण घेऊन त्या कुठेही राहिल्या असत्या.

निघायच्या आदल्या दुपारी जो चित्रपट लागला त्यात पुन्हा तो दिवाणखाना होता. सावत्र भावाने भावाला विष दिले होते आणि ते सगळ्यांना पहिल्या दहा मिनिटांत कळले होते. त्र्यंबकराव नेहमीप्रमाणे सांगत होते. मध्येच ते थांबले.

"काय झालं?" मालिनीबाईंनी विचारले.

"तिनं हात सोडला."

"म्हणजे?"

"कोपर धरलं होतं ते सोडलं. इकडे बघतेय. म्हणजे, समोर. सरळ माझ्याकडे बघितल्यासारखं." त्यांचा आवाज खाली आला होता. "आता वळली. दार उघडलं तिनं. अरे, कोणी बघतच नाहीये. गेली."

"कुठे?"

"बाहेर. धुक्यात. दार उघडंच टाकून गेली."

चित्रपट अजून बराच बाकी होता. इन्स्पेक्टर आला, सावत्र भाऊ ओरडला, एक पेला फुटला, पोलिसांच्या गाडीची घंटा वाजली. त्यातले काहीच त्र्यंबकरावांनी सांगितले नाही. मालिनीबाई ते इंग्रजी आवाज एकट्या ऐकत राहिल्या. शेवटचे संगीत संपल्यावर ते उठले.

"अगं," त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन हाक मारली. "अगं, ऐकलंस का?"

मालिनीबाई खुर्चीतच होत्या. ओ त्यांच्या ओठांपर्यंत आली होती. परंतु त्या आवाजात काहीतरी असे होते, काळजीसारखे, जे त्यांना थोडा वेळ अजून ऐकायचे होते. शोधू दे, त्यांनी मनाशी म्हटले. सगळा जन्म मी उभी राहिले, थोडा वेळ यांनी शोधू दे.

त्र्यंबकराव वरच्या मजल्यावर गेले. कपाटांची दारे, बाथरूमचे दार, खालच्या गराजचे दार उघडल्याचे आवाज आले. मग ते दिवाणखान्यात परत आले, मालिनीबाईंच्या खुर्चीपासून हाताच्या अंतरावर उभे राहिले, इतक्या जवळ की त्यांच्या स्वेटरचा वास आला, आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला. माझी बायको घरात नाही, असे ते इंग्रजीत म्हणाले. तिला दिसत नाही. ती बाहेर गेली आहे, मी तिला जाताना पाहिलं.

तरीही मालिनीबाईंनी ओ दिली नाही. पोलीस येईल, मला पाहील आणि या माणसाचे जे आहे ते उघडे पडेल, मग जे व्हायचे ते होवो, असा एक कडवट हट्ट त्यांच्या मनात बसला होता.

पोलीस लवकर आला. बूट पायपुसण्यावर झटकले, वायरलेसवर काही खरखरले, आणि बाहेरच्या थंडीचा एक झोत मालिनीबाईंच्या गुडघ्यांवरून गेला. आवाज तरुण होता, अदबीचा. सर, आधी एकदा घर बघतो, तो म्हणाला. त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या. शेवटी तो दिवाणखान्यात आला, दिवा लावला, खुर्चीसमोर येऊन थांबला. डोळ्यांच्या कडांनी मालिनीबाईंना एक गडद, उंच आकृती दिसली.

"नाव काय त्यांचं, सर? दिसायला कशा आहेत?" त्याने विचारले.

"मालिनी," त्र्यंबकराव म्हणाले.

एरवी हाक असे ती 'अगं', 'ऐकलंस का', नाहीतर 'दीपाची आई'. इतक्या वर्षांत ते नाव त्यांच्या तोंडून मालिनीबाईंनी ऐकले नव्हते. लग्नात उखाण्यापुरते घेतले असेल तर असेल. त्यांनी ते आता घेतले आणि ते थांबले नाहीत. पोलिसाने वर्णन विचारले होते आणि वर्णन करणे हे त्यांना उत्तम येत होते. उंची माझ्या खांद्याइतकी, ते म्हणाले. केस पांढरे, पण मानेजवळ अजून काळे. खोलीत शिरताना ती डाव्या हाताने आधी चौकट चाचपते. कोणी बोलत असलं की चेहरा थोडा बाजूला करते, कारण कडेने तिला जरासं दिसतं. लोकांना वाटतं तिचं लक्ष नाही, पण तिचंच लक्ष असतं. चहाचा कप ठेवताना करंगळी खाली धरते, आवाज होऊ नये म्हणून. ती फार कमी बोलते. तिला कोणी काही विचारत नाही, मीही विचारलं नाही.

"अंगावर काय होतं?"

"कोट घेतला नाही तिनं," त्र्यंबकरावांचा आवाज फुटला. "बाहेर किती थंडी आहे."

मालिनीबाईंचा हट्ट विरघळून गेला. जे हवे होते ते सगळे मिळाले होते, मागितल्याहून कितीतरी जास्त मिळाले होते. "अहो, मी इथेच आहे," त्या म्हणाल्या. ऐकू गेले नसेल असे वाटून त्यांनी तेच इंग्रजीत, पोलिसाला उद्देशून, मोठ्याने म्हटले.

"लांब गेल्या नसतील," पोलीस म्हणाला. "तुम्ही माझ्याबरोबर या, सर. आवाज ओळखीचा असला की माणूस ओ देतं."

मालिनीबाई उठल्या. त्यांनी हात पुढे केला तेव्हा हाताला ओलसर, थंड जॅकेटची बाही लागली, आणि ती बाही कोणी वाऱ्याची झुळूक टाळावी तितक्या सहज बाजूला झाली. त्र्यंबकराव कोट चढवीत होते. मग दाराशी पावले गेली, दिवा मालवला गेला.

बाहेर पडून त्र्यंबकरावांनी दार ओढून घेतले आणि कुलपात किल्ली फिरवली. मग बर्फातून दोन पुरुषांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. मालिनी, मालिनी, असे ते रस्त्याच्या टोकापर्यंत ओरडत गेले.